अस्सल पोथीच्या शोधात : मुहसिन महदी

आजच्या व्याख्यानाचा नायक लढाईत कधी गेला नाही, कुठल्या दरबारातही बसला नाही. जुनी हस्तलिखितं वाचण्यात त्याचं आयुष्य गेलं. कुठली नक्कल कुठल्या नकलेवरून झाली हे तो जुळवत राहिला, आणि एवढ्या एका कामातून त्याने जगातल्या एका अत्यंत लाडक्या पुस्तकाची जन्मकथाच बदलून टाकली. त्याचं नाव मुहसिन महदी. जन्म 1926, इराकमधल्या करबलात. मृत्यू 2007, अमेरिकेत.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. एक ‘अस्सल’ आणि दुसरा ‘नक्कल’. आपण ते इतके सहज वापरतो की ते बाहेरून आलेत हे लक्षातही येत नाही. दोन्ही मूळचे अरबी. ‘अस्ल’ म्हणजे मूळ, ‘नक्ल’ म्हणजे एकीकडून दुसरीकडे नेणं, उतरवून घेणं. फारसी दफ्तरांच्या वाटेने ते मराठी कागदपत्रांत आले आणि इथलेच झाले. महदींची सारी कारकीर्द या दोन शब्दांच्या मध्ये घडली, असं म्हटलं तरी चालेल.

करबला हे शिया मुसलमानांचं मोठं तीर्थक्षेत्र. तिथला हा मुलगा बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकला आणि 1948 साली शिकागोला गेला. गेला होता अर्थशास्त्रासाठी. पण तिथे दोन शिक्षक असे भेटले की अर्थशास्त्र मागे पडलं.

पहिल्या शिक्षिका नबिया ॲबट. यांची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. जन्म तुर्कस्तानातल्या मार्दीन गावचा. लहानपणी घरच्यांबरोबर मोसूल, बगदाद करत त्या मुंबईला आल्या. शाळा मुंबईत झाली आणि 1919 साली लखनौच्या इसाबेला थोबर्न कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. पुढे शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. जुने अरबी कागद वाचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. इजिप्तमधून शिकागोला आलेल्या कागदांत त्यांना एक जीर्ण तुकडा सापडला. त्यावर एका पुस्तकाचं नाव होतं, ‘हजार रात्रींच्या गोष्टींचं पुस्तक’, आणि खाली थोड्या ओळी. त्यात दीनारजाद शहरजादला गोष्ट सांगायला विनवते आहे. त्याच कागदाच्या कोऱ्या जागेत नंतर कुणीतरी कायदेशीर मसुद्यांचा हात बसवण्यासाठी खरडलं होतं आणि तारीखही घातली होती. ती तारीख येते इसवी सन 879 ची. म्हणजे गोष्टींचा मजकूर त्याहून जुना. ॲबट बाईंनी हा शोध 1949 साली छापला. ‘अरेबियन नाइट्स’चा आजपर्यंतचा सर्वांत जुना पुरावा तोच. आणि महदी त्या वेळी त्यांच्या हाताखाली शिकत होते.

दुसरे शिक्षक लिओ स्ट्राउस, जर्मनीतून आलेले राजकीय तत्त्वज्ञ. त्यांचा आग्रह असा, की जुना तत्त्वज्ञ वाचताना आपण त्याच्यापेक्षा शहाणे आहोत हे गृहीत धरू नका. त्याने एखादी गोष्ट का सांगितली, कुठे सांगितली आणि कुठली गाळली, हे सगळं पाहा. एका शिक्षिकेने कागद वाचायला शिकवला आणि दुसऱ्याने मजकूर. महदींनी पुढे केलं ते या दोन्हींचं मिश्रण.

महदींचा प्रबंध इब्न खल्दूनवर होता. तो 1957 साली पुस्तकरूपाने आला. इब्न खल्दून 1332 साली ट्युनिसला जन्मला, 1406 साली कैरोत वारला. त्याच्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथाचं विसाव्या शतकात फार कौतुक झालं. टोळीतल्या माणसांचं एकमेकांना धरून राहणं, त्यातून सत्ता कशी उभी राहते, शहरात सुखावल्यावर तीच सत्ता कशी ढिली पडते, याचं त्याने केलेलं विवेचन वाचून युरोपातले अभ्यासक म्हणाले, हा तर समाजशास्त्राचा जनक. अरब वाचकांनाही ते आवडलं. कुणाला आवडणार नाही? आपल्याकडे पाचशे वर्षं आधी हे होतं, असं म्हणता येतं.

महदींनी इथे सरळ अडवलं. ते म्हणाले, इब्न खल्दूनला आपण मोठेपणा देतो आहोत, पण तो त्याला नको असलेला मोठेपणा आहे. तो आधुनिक समाजशास्त्र करत नव्हता. ॲरिस्टॉटलपासून इब्न रुश्दपर्यंत आलेल्या तत्त्वज्ञानाच्या चौकटीत राहून इतिहासाचं शास्त्र उभारता येईल का, हा त्याचा प्रश्न होता. ती चौकट काढून घेतली की त्याची वाक्यं आपल्याला ओळखीची वाटतात, पण ती त्याची राहत नाहीत. ‘हे आमच्याकडे आधीच होतं’ हे वाक्य आपल्या कानांना काही नवं नाही. त्यामुळे एका तिशीतल्या अरब अभ्यासकाने आपल्याच परंपरेबद्दल हे म्हणायला काय लागलं असेल, याचा अंदाज आपल्याला यावा.

इब्न खल्दूनच्या मागे जाता जाता महदी फाराबीपर्यंत पोहोचले. फाराबी वारला 950 साली. अरबी परंपरा त्याला ‘दुसरा गुरू’ म्हणते, पहिला अर्थात ॲरिस्टॉटल. पण या दुसऱ्या गुरूचे ग्रंथ होते कुठे? काही हरवलेले, काही हिब्रू भाषांतरात उरलेले, काही छापलेले पण पाठ अशुद्ध. इथे एक धागा आपल्या बाजूला येतो. हैदराबादला निजामांच्या राज्यात ‘दाइरतुल मआरिफ’ ही संस्था 1888 पासून जुने अरबी ग्रंथ छापत होती. मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात. फाराबीचा ‘तहसील अस्‌-सआदा’ हा ग्रंथ तिने हिजरी 1345 मध्ये, म्हणजे 1926 च्या सुमारास, छापला होता. यातला ‘तहसील’ म्हणजे मिळवणं, पदरात पाडून घेणं; ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘सुखाची प्राप्ती’. आपण सातबारासाठी जिथे खेटे घालतो त्या तहसील कचेरीतला शब्दही हाच. महदींनी 1962 साली फाराबीचं प्लेटो आणि ॲरिस्टॉटलवरचं लेखन इंग्रजीत आणलं, त्यात हा ग्रंथ आहे.

बाकीच्या ग्रंथांसाठी त्यांनी हस्तलिखितांचे संग्रह धुंडाळले. इस्तंबूलमधल्या हस्तलिखितावरून ‘ॲरिस्टॉटलचं तत्त्वज्ञान’ 1961 साली छापलं. तेहरानमध्ये ‘किताब अल्‌-हुरूफ’, म्हणजे ‘अक्षरांचं पुस्तक’, मिळालं. ते 1969 साली बैरूतला छापून आलं.

या ‘हुरूफ’मध्ये काय आहे याचा एकच नमुना देतो. ग्रीक तत्त्वज्ञान अरबीत आणताना भाषांतरकारांपुढे भलतीच अडचण उभी राहिली. ग्रीकमध्ये ‘आहे’ या अर्थाचं क्रियापद वाक्यावाक्यात येतं आणि ‘असणं म्हणजे काय’ हा तिथल्या तत्त्वज्ञानाचा मुख्य प्रश्न. अरबीत मात्र ‘झैद न्यायी’ एवढं म्हटलं की वाक्य पुरं होतं. मराठीतही ‘हा माझा भाऊ’ म्हणताना ‘आहे’ गाळता येतं, पण हवं तेव्हा ते हाताशी असतं. अरबीत तसा शब्दच नाही. फाराबी फारसीतला ‘हस्त’ सांगतो, ग्रीकमधला शब्द सांगतो, मध्य आशियातल्या सोगदी भाषेतलाही सांगतो. मग म्हणतो, भाषांतरकारांनी यासाठी ‘मौजूद’ हा शब्द निवडला. पण ‘मौजूद’चा मूळ अर्थ ‘सापडलेलं’. सापडलेलं म्हटलं की कुणाला तरी सापडलेलं, असा अर्थ मागून चिकटतो. फाराबी सावध करतो की तत्त्वज्ञानात हा शब्द वापरताना तो चिकटलेला अर्थ मनातून काढून टाका.

दहाव्या शतकातला माणूस एका शब्दाच्या भाषांतराचा एवढा बारीक विचार करतो, आणि त्याचं पुस्तक छापून यायला 1969 उजाडावं लागतं. त्याआधी अरबी तत्त्वज्ञान म्हणजे ग्रीकांची उसनवारी, असं मत देऊन मोकळे झालेले विद्वान थोडे नव्हते. पुस्तक समोर नसताना मत मात्र तयार होतं.

महदींनी फाराबी जसा लावला तो सर्वांना पटला असं नाही. स्ट्राउसच्या वाटेने जाऊन ते तत्त्वज्ञांच्या मजकुराखाली दडलेला राजकीय अर्थ फार शोधतात, अशी टीका झाली. दिमित्री गुटास यांनी या संपूर्ण वाचनपद्धतीवरच कडक आक्षेप घेतले. तो वाद संपलेला नाही. पण वाद घालायला दोन्ही बाजूंना जे पाठ लागतात, त्यांतले कित्येक महदींनी सिद्ध केलेले आहेत.

महदी 1957 पासून शिकागोत शिकवत होते. 1969 साली ते हार्वर्डला अरबीचे प्राध्यापक म्हणून गेले आणि 1996 साली निवृत्त झाले. तत्त्वज्ञानात एवढं नाव झालेला माणूस शेवटची मोठी वर्षं ‘अरेबियन नाइट्स’वर घालवतो, हे अनेकांना विचित्र वाटलं. अरबी विद्वानांच्या परंपरेत हे पुस्तक हलकं समजलं जायचं. बाजारात कथेकऱ्याने सांगायच्या गोष्टी त्या. पंडितांनी त्यात काय बघायचं?

आपल्या पिढ्या या गोष्टींवर वाढल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीच्या आधारे मराठीत आणायला घेतलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ विष्णुशास्त्र्यांच्या हातून पुढे गेल्या. शंभरेक वर्षांनी गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अवताराचं सोळा खंडांत भाषांतर केलं. आता मी विचारलं की या पुस्तकातली तीन नावं सांगा, तर सभागृहातून काय येईल? अल्लाउद्दीन, अलीबाबा, सिंदबाद.

महदींच्या 1984 च्या आवृत्तीत या तिघांपैकी एकही नाही.

असं कसं झालं, ते नीट क्रमाने पाहू. आंत्वान गालाँ नावाचे फ्रेंच पंडित होते. सिंदबादच्या सफरींचं वेगळं हस्तलिखित त्यांना मिळालं होतं आणि ते त्यांनी भाषांतरितही केलं होतं. मग 1701 साली सीरियातून त्यांच्या हाती ‘हजार एक रात्रीं’चं तीन भागांचं हस्तलिखित आलं. आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात रात्री किती? सुमारे 280. शेवटची गोष्ट अर्ध्यावरच तुटते. गालाँनी 1704 पासून फ्रेंच भाषांतर छापायला सुरुवात केली, त्यात सिंदबादही घातला, आणि पुस्तकावर लोकांच्या उड्या पडल्या. नावात ‘हजार एक’ असल्यामुळे वाचकांनी हजार एक रात्री मागायला सुरुवात केली. गालाँकडचा माल संपत आला. प्रकाशक इतका उतावीळ, की 1709 साली त्याने एका खंडात दुसऱ्याच भाषांतरकाराच्या गोष्टी परस्पर घालून टाकल्या.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये गालाँची गाठ हन्ना दियाब या तरुणाशी पडली. हा अलेप्पोचा मारोनी ख्रिस्ती. एका फ्रेंच प्रवाशाबरोबर आलेला. त्याने गालाँना तोंडी गोष्टी सांगितल्या. गालाँनी रोजनिशीत त्यांची टिपणं केली आणि पुढे त्या फुलवून लिहिल्या. अल्लाउद्दीनचा दिवा आणि तिळाला दार उघडायला सांगणारा अलीबाबा हे दोघं या बैठकांतून आले. छापील पुस्तकात हन्नाचं नाव कुठेही नाही.

पुढची शंभर-दीडशे वर्षं युरोप ‘पूर्ण’ अरबी मूळ शोधत राहिला. आणि मागणी असली की पुरवठा होतोच. आपल्याकडे वतनासाठी बनावट सनदा निघायच्या, ते आठवा. पॅरिसमध्ये दनी शावी नावाच्या सीरियन पाद्रीने आणि नंतर मिखाईल सब्बाग नावाच्या लेखनिकाने अल्लाउद्दीनच्या अरबी प्रती तयार केल्या. सब्बागने तर आपली प्रत 1703 सालच्या बगदादच्या हस्तलिखितावरून उतरवल्याचं सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांगल्या जाणत्या विद्वानांनी ती अस्सल मानून छापली. महदींनी ती ओळीओळीने तपासली आणि दाखवून दिलं, की बगदादचं ते हस्तलिखित कधी नव्हतंच. अरबी वाक्यांची ठेवण फ्रेंच होती. मजकूर गालाँच्या छापील पुस्तकातून उलटा अरबीत गेला होता. म्हणजे ज्याला मूळ म्हणून मिरवलं ती भाषांतराची नक्कल निघाली. ब्रेस्लाऊला छापलेल्या आवृत्तीमागचं तथाकथित ट्युनिसी हस्तलिखितही असंच संपादकाने जुळवलेलं. त्यावर डंकन मॅकडोनल्ड यांनी 1909 सालीच बोट ठेवलं होतं.

यानंतर महदींनी जे केलं ते पुण्यातल्या श्रोत्यांना लगेच कळेल. भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. विष्णु सुकथनकरांनी तिची पद्धत घालून दिली. सगळ्या पोथ्या गोळा करा, त्यांच्यातल्या चुका आणि भर जुळवा, त्यावरून पोथ्यांची वंशावळ मांडा आणि सर्वांत जुना पाठ कुठवर मिळतो ते पाहा. महदींनी ‘रात्रीं’साठी हेच केलं. सीरियातली एक शाखा, इजिप्तमधली दुसरी शाखा. त्यांत गालाँचं हस्तलिखित सर्वांत जुनं आणि मूळच्या सर्वांत जवळचं. तेच त्यांनी पायाला धरलं.

त्यांनी आणखी एक काम केलं, जे मला वंशावळीइतकंच मोलाचं वाटतं. 1835 साली कैरोच्या बुलाक छापखान्याने हे पुस्तक छापलं, तेव्हा भाषा ‘शुद्ध’ करून घेतली होती. जुन्या हस्तलिखितात मात्र ग्रांथिक अरबी आणि रस्त्यावरची बोली एकमेकींत मिसळलेल्या आहेत. हमाल हमालासारखा बोलतो. महदींनी ती भाषा जशी होती तशी ठेवली. व्याकरणाच्या दृष्टीने चूक, पण सांगणाऱ्याच्या तोंडची.

मग या पुस्तकात उरतं काय? मच्छीमार आणि जिन, हमाल आणि बगदादच्या तीन स्त्रिया, तीन सफरचंदं, कुबड्याची गोष्ट आणि तिच्यातून फुटत जाणाऱ्या गोष्टी. कमी आहेत, पण एकमेकींत विणलेल्या. प्रत्येक गोष्टीत कुणीतरी जीव वाचवायला गोष्ट सांगतं आहे, जसं शहरजाद सांगते. खोगीरभरती काढल्यावर ही वीण दिसू लागते. हुसैन हद्दावी यांनी 1990 साली या आवृत्तीचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा अरबी न येणाऱ्यांनाही ती दिसली.

आता दुसरी बाजू. महदींनी हस्तलिखिताचा काळ चौदावं शतक धरला. जर्मन अभ्यासक हाइन्झ ग्रोत्सफेल्ड यांनी त्यातल्याच एका गोष्टीतल्या नाण्याकडे लक्ष वेधलं. तिथे ‘अशर्फी’ दिनार येतो, आणि हे नाणं मामलुक सुलतान अशरफ बार्सबाय याने 1425 साली पाडायला सुरुवात केली. जे नाणं अजून टाकसाळीत पडलंच नाही, ते गोष्टीतल्या माणसाच्या कनवटीला कसं असेल? तेव्हा हस्तलिखित पंधराव्या शतकातलं. आज बहुतेक अभ्यासक हेच मानतात. नकलांमधल्या खोट्या तारखा पकडणाऱ्याची स्वतःची तारीखही एका नाण्याने पुढे सरकली. शास्त्र असंच चालतं, आणि ते चालू राहण्यासाठी महदींनी पाठ छापून सर्वांपुढे ठेवला होता.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. वंशावळीची पद्धत एक मूळ पोथी गृहीत धरते. पण तोंडी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना एकच मूळ असतं का? तमाशातल्या वगाची किंवा जात्यावरच्या ओवीची ‘अस्सल’ प्रत कुठली म्हणायची? महदींच्या पद्धतीत हन्ना दियाबला जागा नव्हती, कारण त्याच्या गोष्टीला पोथी नव्हती.

आणि इथे इतिहासाने एक गंमत केली. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात अरबीतलं एक प्रवासवर्णन पडून होतं. पहिली पानं गहाळ, त्यामुळे लेखक अनामिक. 1990 नंतर फ्रेंच अभ्यासक जेरोम लाँतँ यांनी ओळखलं की हा लेखक हन्ना दियाबच. म्हातारपणी, 1760 नंतरच्या दशकात, त्याने तरुणपणीचा पॅरिसचा प्रवास लिहून काढला होता. फ्रेंच भाषांतर 2015 साली आलं, इंग्रजी 2021 साली. त्यात तो सांगतो, की पॅरिसमध्ये ‘हजार एक रात्रीं’चं भाषांतर करणारा एक म्हातारा यायचा, त्याच्या पुस्तकात काही रात्री कमी पडत होत्या, त्या मी त्याला सांगितल्या.

मग अल्लाउद्दीन खोटा ठरला का? माझं उत्तर असं आहे. ‘मध्ययुगीन बगदादच्या पुस्तकातली गोष्ट’ म्हणून तो खोटा होता, आणि ते महदींनी कायमचं सिद्ध केलं. पण ते खोटेपण दूर झालं म्हणूनच त्यामागचा खरा माणूस दिसायला जागा झाली. सब्बागच्या बनावट बगदादी पोथीवर आपण आजही विश्वास ठेवत असतो, तर अलेप्पोच्या हन्नाला त्याची गोष्ट परत मिळाली नसती. नक्कल बाजूला केली तेव्हा एकाऐवजी दोन अस्सल गोष्टी हाती लागल्या: पंधराव्या शतकातली एक पोथी, आणि अठराव्या शतकातला एक गोष्ट सांगणारा.

परंपरेचा अभिमान बाळगणारे आणि तिला नावं ठेवणारे, दोघांनाही निकालाची घाई असते. महदींनी इब्न खल्दूनपासून शहरजादपर्यंत एकच केलं: आधी मजकूर काय आहे ते पाहिलं. त्याला वर्षानुवर्षं लागली, आणि त्यातलं काही नंतर दुरुस्तही झालं. पण पुढे ज्याला बोलायचं होतं, त्याच्या हाती निदान पुस्तक होतं.

इथे थांबतो.